कोपऱ्यात लावलेली गाडी

सुहास,

तुझी गाडी विकली. हे सगळ्यात आधी सांगते, कारण बाकी कुठल्या बातमीने तुला फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही. चंदीगढच्या एका डेंटिस्टने घेतली. तोही तुझ्याच जातकुळीतला. आल्याआल्या माणसांना नमस्कार करायच्या आधी चाकापाशी उकिडवा बसला आणि टायरवर छापलेलं साल वाचायला लागला. तुमचं दोघांचं छान जमलं असतं. मला मात्र त्याच्या घरच्या बाईचं वाईट वाटलं.

तुझ्या शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. तुझ्या नोएडाच्या चॅनेलमधली मुलं म्हणाली, सरांनी कधी आवाज चढवला नाही. महाराष्ट्र मंडळातले एक काका म्हणाले, असा सरळ माणूस दिल्लीत शोधून सापडायचा नाही. मी शेवटच्या रांगेत बसले होते. घटस्फोट घेतलेल्या बायकोला बोलायला कुणी उठवत नाही, आणि तेच बरं झालं. मला उठवलं असतं तर मी सांगितलं असतं की हा सरळ माणूस गाडी सरळ लावायच्या नादात मेला. पुढे तुझ्या आई बसल्या होत्या, आणि त्यांच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही एवढी एकच गोष्ट मी तू गेलास त्या दिवसापासून घट्ट धरून ठेवली होती. तुझी गाडी विकायला काढल्यावर नेमकी तीच सगळ्यात अवघड होऊन बसली.

तुला काय माहीत त्या दुपारी काय झालं ते. तू तर सुटलास. मी दिल्लीच्या मंत्रालयातल्या माझ्या खोलीत एका कंटाळवाण्या फाइलीवर टिपण लिहीत होते आणि नोएडाच्या पोलिसाचा फोन आला. “मॅडम, नीले रंग की गाड़ी आपके नाम है?” मला वाटलं, पुन्हा वेगाचं चालान. मी म्हटलंसुद्धा, “चालान भेज दीजिए, जिसकी है वो भर देगा.” तो मग म्हणाला, “मॅडम, आप आ जाइए.”

मी पोचले तोवर तुला आत नेलं होतं आणि काही उपयोग नाही हेही ठरलं होतं. गाडी हॉस्पिटलच्या मागच्या पार्किंगमध्ये होती. अगदी शेवटच्या रांगेत, भिंतीलगतच्या कोपऱ्यात, रिव्हर्समध्ये घालून. चाकं सरळ. दोन्ही बाजूंचे आरसे आत मिटलेले. छातीत कळा येत असताना तू आरसे मिटलेस. पार्किंगचा गार्ड हात जोडून उभा होता, त्याला वाटत होतं मी त्याच्यावर ओरडणार. म्हणाला, “मैंने बोला था, इमरजेंसी के सामने जगह ख़ाली है. साहब बोले, नहीं, पीछे लगाऊँगा. फिर आगे-पीछे करके सीधी की.” त्यानंतर तू उतरलाच नाहीस म्हणून तो बघायला गेला होता. आत डॉक्टरांनी मला विचारलं, हे इतका वेळ कुठे होते? थोडे आधी आत आले असते तर काहीतरी करता आलं असतं.

म्हणजे शेजारच्या गाडीचं दार उघडून तुझ्या दाराला ठोका बसू नये म्हणून तू मेलास. मी हे कितीही वेळा वेगळ्या शब्दांत मांडून पाहिलं तरी अर्थ तोच निघतो.

फोन मला का आला, हे शोकसभेतल्या कुणालाच कळलं नव्हतं. मंडळातल्या बायकांनी काय काय तर्क केले असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. साधं कारण असं की गाडी कागदोपत्री माझी होती. घेतली तेव्हा केंद्र सरकारच्या नोकरीवर कर्ज सोपं मिळतं म्हणून माझ्या नावावर घेतली, हप्ते तू भरलेस. घटस्फोटानंतर मी तुला कितीदा म्हटलं, तुझ्या नावावर करून घे. तू दर वेळी म्हणायचास, “करू गं. पण ट्रान्सफर केली की सेकंड ओनर होते. व्हॅल्यू पडते.” व्हॅल्यू! जी गाडी तू मरेपर्यंत विकणार नव्हतास तिची व्हॅल्यू! मी कायद्याने तुझी कुणी उरले नव्हते, पण तुझ्या गाडीची फर्स्ट ओनर म्हणून तुला मी हवी होते. आई एकदा म्हणाल्या की त्याला तुझं नाव काढवत नसेल गं. मी त्यांना सांगितलं की तसलं काही नाही. मला अजूनही तसं काही मानायचं नाहीये, आणि तू तर काही बोलला नाहीस, त्यामुळे माझं म्हणणंच आता कायम राहणार.

त्या एका नावापायी मला वर्षानुवर्षं तुझी चालानं आली. मेसेज माझ्या फोनवर, सोबत कॅमेऱ्याने काढलेला तुझ्या गाडीच्या पाठीचा फोटो. एक्सप्रेस-वेवर कधी, डीएनडीच्या उड्डाणपुलावर कधी. मी मुनिरकाच्या मार्केटात भाजी घेत असायची आणि तू कुठे किती जोरात चालला आहेस ते मला सरकार कळवायचं. मी तो मेसेज तुला पुढे पाठवायची. तू लिहायचास, “भरतो.” घटस्फोटानंतरचा आपला सगळा पत्रव्यवहार एवढाच आहे. तू भरायचास मात्र, लगेच, हे कबूल करते.

आणखी एक कबूल करायचं आहे, आणि तेच मला सगळ्यात जास्त छळतं. नगरला माझ्या बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाचं. दिल्लीत धुकं, विमानं बंद. तू ऑफिसला फोन केलास, टाकी भरलीस आणि म्हणालास, चल. मथुरेपर्यंत आपण धुक्यात रांगत गेलो आणि पुढे ती गाडी तू जी काढलीस! मी घाबरले नाही. तुझ्या शेजारी बसून मी कधीच घाबरले नाही. नगरच्या त्या दवाखान्यापाशी आलो तर समोर हातगाड्या, रिक्षा, बघ्यांची गर्दी. तू गाडी तशीच थेट दारात आडवी टाकलीस, किल्ली आत, इंजिन चालू, आणि माझा हात धरून जिना चढलास. वॉचमन खाली शिव्या घालत होता. बाबा शुद्धीवर होते. माझ्याशी बोलले. तुला म्हणाले, जावईबापू, जेवून घ्या. खाली आलो तेव्हा कुणीतरी गाडीच्या मागच्या बंपरला ओरखडा काढून गेलेलं होतं. तू बोटाने पुसून पाहिलास आणि काही बोलला नाहीस. तो ओरखडा तू कधी भरून घेतला नाहीस. मी कारण विचारलं नाही.

बाबांना मी जिवंत भेटले ते तुझ्यामुळे. त्याबद्दल मी तुला कधी नीट धन्यवाद दिले नाहीत, ते आता देते. पण म्हणूनच माझा संताप होतो, सुहास. तुला येत होतं. दारात गाडी कशी आडवी टाकायची हे तुला पक्कं माहीत होतं. दुसऱ्याच्या बापासाठी टाकलीस. स्वतःसाठी तुला कोपरा लागला.

आईंना मी सांगितलं की तू हॉस्पिटलच्या दारातच गेलास. गाडी दारात लागली आणि संपलं, कुणाच्या हातात काही नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “त्रास झाला का रे फार?” मला म्हणाल्या त्या, पण बोलत होत्या तुझ्याशीच बहुतेक. मी म्हटलं, नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला. एक मुलगा गेला, तो वाचू शकत होता, हे कोणत्या आईला सांगायचं? मी ठरवलं, ही गोष्ट माझ्याबरोबर जाईल.

पण गाडी विकणं भाग होतं. पेट्रोल गाडीला दिल्लीत आणि आसपास पंधरा वर्षं. ती भरत आली होती. त्यानंतर ती इथल्या रस्त्यावर आणायची नाही. आधी दिल्लीबाहेरच्या माणसाला विकायची, नाहीतर भंगारात द्यायची. भंगारात दिली असती तर माझ्या डोक्याचा ताप गेला असता. पण आईंना मी शब्द दिला होता की गाडीचे जे येतील ते त्यांच्या खात्यात, आणि तुझ्यामागे, तुम्ही दोघं राहायचात त्या फ्लॅटचं भाडं त्यांच्या फॅमिली पेन्शनवर निघणारं नव्हतं. शिवाय माझं नाव त्या कागदावरून एकदाचं निघावं अशी माझी फार इच्छा होती.

मग तुझ्या गॅरेजवाल्या पम्मीला बोलावलं. तो म्हणाला, पहिली गोष्ट, गाडी कंपनीतून आली तशी करायची. तू बसवलेला तो गुरगुरणारा सायलेन्सर, खाली बसवलेल्या स्प्रिंगा, इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये करून घेतलेले बदल, हे सगळं तुझ्यासारख्या वेड्यांना आवडतं, पण विकत घेणारा घाबरतो की मागच्याने गाडी कशी पिळली असेल. मी विचारलं, मूळचे भाग आहेत कुठे? पम्मी म्हणाला, “सर कुछ फेंकते थोड़ी थे.” ते निघाले आईंच्या दिवाणात. गोधड्यांच्या शेजारी कंपनीचा सायलेन्सर, जुन्या चादरीत बांधलेला. आई म्हणाल्या, “म्हणजे मी इतकी वर्षं यावर झोपत होते? म्हटलं, दिवाण इतका जड का झालाय.” त्या दिवशी आम्ही दोघी हसलो. तू गेल्यावर पहिल्यांदा.

डॅशबोर्डवरचा गणपती आईंनी आधीच काढून घेतला होता. म्हणाल्या, देव गाडीबरोबर विकायचा नसतो. मी त्या डिंकाचा डाग घासत बसले.

खरा घोळ पुढे झाला. पम्मीने किल्ली फिरवली तर समोर एअरबॅगचा लाल दिवा लागला आणि विझेना. शोधता शोधता त्याने ड्रायव्हरची सीट मागे सरकवली. खालची सतरंजी ओली. मखमलीसारखं कापड कडक होऊन सुरकुतलेलं, कडेचं लेदर तडकायला लागलेलं. सीटखालच्या, एअरबॅगच्या तारांच्या पिवळ्या जोडणीत पाणी गेलं होतं. मी आईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “सुतक फिटलं तेव्हा धुतली ना. अंथरूण-पांघरूण सगळं धुतलं, मग ती सीट नको धुवायला? गरम पाणी, पावडर, दोन बादल्या ओतल्या. गोमूत्रही शिंपडलं.” मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे सुतक नाही, त्यामुळे हे असं काही होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना काय बोलणार? मुलगा जिथे गेला ती जागा त्या म्हातारीने स्वतःच्या हाताने घासून धुतली होती.

किंमत ठरवायला मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर बसायची. तुझी ही गाडी बंगळुरात, कोचीत अजून मान राखून आहे. तिकडे लोक तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात. दिल्लीची म्हटली की निम्म्याच्या खाली. ना-हरकत दाखला आणा, दुसऱ्या राज्यात पुन्हा कर भरा, कोण करणार? मी मधली एक किंमत धरली आणि जाहिरात टाकली. फोन पुष्कळ आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: “बेच क्यों रहे हैं?” कुणाला मी सांगितलं, बदली झाली. कुणाला सांगितलं, जागा नाही. पुराव्याशिवाय टिपणाला हात न लावणारी मी, धडाधड थापा मारायला लागले. तुझ्याच कृपेने.

जुन्या गाड्यांचा एक डीलर आला, जाडजूड सोनसाखळीवाला. रंगाची जाडी मोजायचं यंत्र सगळीकडे टेकवून झालं, रंग मूळचा निघाला, तो खूश झाला आणि मग किल्ली फिरवून दिवा बघितला. “आंटी, ठुकी हुई है.” मी म्हटलं, एकदाही नाही. सीटखाली पाणी गेलंय. तो आणखीच हसला. “तो डूबी हुई है.” दिल्लीत पावसात पुलाखाली गाड्या बुडतात हे कुणाला माहीत नाही? ठोकलेली नाही म्हणावं तर बुडलेली ठरते आणि बुडलेली नाही म्हणावं तर ठोकलेली. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला जिन्यापर्यंत पोचवायलाही गेले नाही. वर म्हणाला, मीटर मागे फिरवून देतो, कागद नंतर बघू, तोवर नाव तुमचंच राहील. माझंच नाव! इकडे आड, तिकडे विहीर.

पम्मी म्हणाला, “मॅडम, छोटा सा रेज़िस्टर डाल देते हैं. लाइट चली जाएगी, किसी को पता नहीं चलेगा.” मी विचारलं, मग एअरबॅग उघडेल? तो म्हणाला, “वो तो रब जाने.” मी एक दिवस मागितला. खरं सांगते, मी जवळजवळ हो म्हणणार होते. मला पैसे हवे होते, नाव काढायचं होतं, आणि लोकांचे प्रश्न थांबायला हवे होते. आईंच्या समोर प्रश्न थांबायला हवे होते.

आणि नेमका त्याच दिवशी तू आडवा आलास. आपली पहिली छोटी गाडी विकताना आपण किती भांडलो होतो. घेणारा तयार होता, त्याला काही विचारायचंही नव्हतं, आणि तू स्वतःहून त्याला सगळं सांगत बसलास. क्लच जाईल लवकर. मागून एकदा धक्का लागला होता. पावसात डावीकडून पाणी झिरपतं. तो पैसे कमी करून गेला. मी रागावले तर म्हणालास, “त्याने विचारायच्या आधी सांगायचं. नंतर कळलं तर त्याला कसं वाटेल?” अनोळखी माणसाला कसं वाटेल याची तुला एवढी काळजी. आणि मला? तुझी आधीची नोकरी गेली तेव्हा तू रोज डबा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, गाडी काढून निघायचास आणि कुठल्या तरी पार्किंगमध्ये बसून राहायचास. मला ते तुझ्या मित्राच्या बायकोकडून कुणाच्यातरी भर लग्नात कळलं. मी विचारलं तर काय म्हणालास? “मी खोटं बोललो नाही. तू विचारलं नाहीस.” आपलं लग्न मोडलं ते या वाक्याने. त्यावर मला जे बोलायचं होतं ते मी कोर्टातही बोलले नाही, आणि तू आता उत्तर द्यायला नाहीस. तुझं छातीत दुखणं काय त्याच दिवशी सुरू झालं? पम्मी म्हणतो, सर महिनाभर डावा दंड चोळत होते. पम्मीने विचारलं नाही. आईंनी विचारलं नाही. कुणी विचारलं नाही म्हणजे सगळं छान.

मी पम्मीला रेझिस्टरला नाही म्हटलं. तुझ्यासाठी नाही. उद्या त्या सीटवर बसणारा कुणाचा तरी कुणीतरी असेल म्हणून. तुझा नियम बरोबर होता याचा मला भयंकर राग आला.

त्यानंतर डेंटिस्टचा फोन आला. “बेच क्यों रहे हैं?” मी खिडकीपाशी गेले आणि सांगून टाकलं. जो ही गाडी चालवायचा तो याच सीटवर गेला. त्याच्या आईने ती सीट धुतली, म्हणून आत पाणी आहे, म्हणून दिवा लागतो. अपघात नाही, पूर नाही. एअरबॅग आज उघडेल की नाही, मी सांगू शकत नाही. मला वाटलं, आता हा फोन ठेवणार. मग म्हणाला, “इसमें गाड़ी का क्या क़सूर?” म्हणाला, येतो बघायला. मी त्याला एवढंच विनवलं की माताजींसमोर त्यातलं काही विचारू नका. त्याने शब्द दिला, आणि पाळलाही.

रविवारी सकाळी तो आला. मी आईंना वर थांबायला सांगितलं होतं. ऐकतील तर त्या तुझ्या आई कसल्या? त्या थर्मासमध्ये चहा घेऊन बेसमेंटमध्ये हजर. “घरी आलेल्या माणसाला चहा नको? चलो, मी बाजूला उभी राहते.” त्याने टायर बघितले, इंजिन चालू करून कान लावला, दिवा बघितला, सीट बघितली आणि तिच्यावरून नुसता हात फिरवला. किमतीतून सीटचे आणि दुरुस्तीचे पैसे कमी करायचं आमचं ठरलं. मला हायसं वाटलं. मग त्याने खिशातून त्याचा तो दात बघायचा छोटा टॉर्च काढला, दारावर तिरका धरला आणि एकेक दार बघत सगळ्या गाडीभोवती फिरला.

“कमाल है,” तो म्हणाला. “पंद्रह साल दिल्ली-नोएडा में, और दरवाज़ों पर एक डेंट नहीं. खड़ी कहाँ करते थे?”

तो साध्या कौतुकाने विचारत होता. बेसमेंटमध्ये, असं काहीतरी मी म्हणणार होते. त्याआधी मागून आईंचा आवाज आला, त्यांच्या त्या मराठी हिंदीत. “कोने में. हमेशा कोने में लगाता था जी. दूसरे का दरवाज़ा लगना नहीं चाहिए उसकी गाड़ी को.” त्या कपात चहा ओतत होत्या. “उस दिन भी हॉस्पिटल में एकदम कोने में ही थी. दीवार के पास. आरसे भी बंद किये थे.”

डेंटिस्टने टॉर्च बंद केला. चहा घेतला. त्याने आणखी काही विचारलं नाही आणि किमतीतून आणखी काही कमी केलं नाही. दुपारी त्याचा ट्रक आला, गाडी वर चढली आणि गेली.

आम्ही वर आलो. मी आईंना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“त्या दिवशी हॉस्पिटलमधून गाडी आणायला पम्मीबरोबर मीच गेले होते ना. तू आत कागदांवर सह्या करत होतीस. मी पाहिलं कुठे उभी होती ते. तो गार्डही बोलला.” त्या दिवाणावर टेकल्या. “तू म्हणालीस, दारात गेला. म्हटलं, हिला तेवढाच आधार असेल. कशाला मोडा? म्हणून बोलले नाही.”

“मी तुमच्यासाठी म्हटलं होतं, आई.”

“अच्छा,” त्या म्हणाल्या. मग ज्यांनी माझ्यासमोर तुला कधी ‘अरे’च्या पुढे वेडंवाकडं म्हटलं नव्हतं त्या आई म्हणाल्या, “गाढव होता गं. गाढव. दारात लावायला काय धाड भरली होती?”

मी म्हटलं, हो. मी म्हटलं, आरसे मिटले त्याने. त्या म्हणाल्या, लहानपणीही असाच, तापाने फणफणला तरी सांगायचा नाही, हात लावल्यावर कळायचं, आणि मी कौतुक करायची की माझं पोर किती सोसतं. त्यांनी तुला तुझ्या बाबांपासून सुरू करून मागच्या दोन पिढ्यांसकट शिव्या दिल्या. मी नोकरीचं सांगितलं, ते पार्किंगमध्ये बसून राहण्याचं, जे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारला. तुझी कुणी बाजू घेतली नाही, सुहास. तू वेळेवर काही सांगितलं असतंस तर घेतली असती.

मग आई रडल्या, मोठ्याने, तोंडाला पदर न लावता. मला रडू आलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे, आणि चिडलेलीच राहणार आहे. आता निदान एकटी नाही.